सदतिसावा खांब

यिसाल्मीच्या अलीकडे, आमच्या प्लायवूडच्या कारखान्याबाहेर
शेहेचाळीस खांब आहेत, कमरेइतके,
प्रत्येकाच्या पोटात एक घड्याळ.
उणे अठ्ठावीसला इंजिन थिजतं,
म्हणून शिफ्ट सुटायच्या दोन तास आधी
खांब आपणहून जागा होतो, गाडीला ऊब देतो,
गाडी कुणाची, ते विचारत नाही.

आता त्यांच्या जागी चार्जर यायचेत.
काम माझ्याकडे.
टेबलावर नकाशा, त्यावर कॉफीच्या कपाची वर्तुळं,
आणि ट्रान्सफॉर्मरचा एक आकडा
जो कितीही वेळा तपासला तरी वाढत नाही.
भूर्जाचे ओंडके सोलणारं यंत्र
जेवढी वीज उरवेल तेवढीच माझी.
बारा गाड्या एकदम लावल्या
तर पात्याचा सूर खाली येणार
आणि हेल्व्ही वरच्या केबिनमधून ओरडणार.
तेव्हा वाटून द्यायचं.
शेवटच्या पानाकडे बघत वाढप्यानं हात आखडावा, तसं.

ओस्मो बर्फ लोटतो. तो नकाशावर बोट ठेवतो, जाड, भेगाळलेलं:
"इथे लावलेस तर मार्चपर्यंत एकही उभा राहायचा नाही.
मी जपूनच चालवतो गं,
पण फाळाला कुठे डोळे असतात?"
मी रेघ दीड मीटर मागे घेते.
ऑफिसला चार्जर दाराशी हवेत, पाहुण्यांच्या नजरेत भरतील असे.
गोंदखात्यातली मेर्वी म्हणते,
पाहुणा थांबतो तासभर, मी आठ तास.
ते मी समासात लिहून घेते, खाली दोन रेघा.

मग कागद वाटले. तीनच प्रश्न:
किती लांबून येता, गाडी कुठली, किती तास उभी असते.
उत्तरं आली गोंदाच्या वासाची.
एकवीस किलोमीटर, पण तळं गोठलं की बर्फावरून नऊ.
डिझेल आहे, माझ्याबरोबरच मरेल.
सायकल. मला काय देणार?
आणि एक कागद, बिननावाचा, अक्षर नेटकं:
शून्य किलोमीटर.
जुनी स्टेशन वॅगन.
चोवीस तास. शनिवारी बावीस, सौनाला जातो.

मी हसले.
मग दुसऱ्यांदा वाचलं.

त्या रात्री घरी जाताना मागच्या रांगेतून गेले.
सदतिसावा खांब.
गाडीच्या काचा आतून धुरकटलेल्या,
आरशाला टॉवेल, वाळत घातलेला, लाकडासारखा ताठ.
खांबातून निघालेली वायर दाराच्या फटीतून आत.
घड्याळाचा काटा दोनवर नव्हता,
कुणीतरी काडी खुपसून तो अडवला होता.
अक्षर मी ओळखलं होतं,
शिफ्टच्या फळ्यावर रोज बघते.
नाव सांगणार नाही. इथेसुद्धा नाही.

नवे चार्जर शहाणे आहेत.
कार्ड लावल्याशिवाय बोलत नाहीत.
कोण किती वाजता जोडला गेला, किती युनिट प्यायला,
भरल्यावरही जागा का अडवून बसला,
सगळं टिपतात,
एक तारखेला यादी ऑफिसात.
हे गुण म्हणून मीच अहवालात लिहिलेत,
पान चार.

पान नऊवर मी एक ओळ वाढवली:
खांब क्रमांक सदतीस तूर्त काढू नये, तांत्रिक कारण.
ओस्मोला काही सांगितलं नाही.
तरी परवाच्या बर्फानंतर
त्या गाडीभोवतीचं तेवढं फावड्यानं, हातानं काढलेलं होतं.

बैठकीत विचारलंच त्यांनी,
तांत्रिक म्हणजे नेमकं काय?
घड्याळ बिघडलंय, मी म्हटलं.
दोन तासांनी थांबतच नाही.
दुरुस्तीला किती लागेल?

मी खिडकीबाहेर बघितलं.
तीन वाजले होते, अंधारून आलं होतं.

मे उजाडेल, मी म्हटलं.